नोंद क्रमांक चौदा

तोंडवळीला, वैशाखात, भर साडेतीनला
भागीरथी कुबल गोलमा पाखडत बसली होती.
वाऱ्यासाठी मी माइकला लोकरी टोपी घातली.
ती म्हणाली, "ह्येका काय थंडी वाजता?"

मला धालोचं एक गाणं हवं होतं.
फक्त एक. दीड मिनिटाचंही चाललं असतं.

"धालो पौसात.
मांड सारवल्याशिवाय, दिवो लावल्याशिवाय
मी गावचंय नाय.
देव उठले तर मगे तेंका निजवतलो कोण? तू?"

मग नुसते शब्द सांगा म्हटलं.
शब्द सांगायला धाकटी जाऊ पडवीत आली
आणि दुसऱ्याच ओळीला दोघींचं वाजलं,
माळ अबोलीची की सुरंगीची.
"पौसात सुरंगी खंय फुलता गो?"
"गाण्यात फुलता!"
मधे कोंबडा आरवला, एक होडीचं इंजिन गेलं,
जाऊ तरातरा आत गेली, चुलीवरचं काही उतू गेलं असावं.

चौदा मिनिटं. गाण्याचा एक सूर नाही.

तरी हेडफोन तिच्या कानांवर ठेवले,
अंबाडा जरा आडवा आला,
आणि तिचं भांडण तिलाच ऐकवलं.

सूप मांडीवर तसंच राहिलं.
कोंबडी येऊन टिपू लागली, तिनं हाकली नाही.
"ही आवस," ती म्हणाली.
"माझी आवस."

मी समजावू लागलो, आपला आवाज आपल्याला
एरवी हाडांतून ऐकू येतो, यंत्रातून येतो तो हवेतला,
म्हणून तो परका—
तिनं सुपाला एक झटका दिला. भुसा माझ्या वहीवर.

गायिकेचं नाव?
"सरस्वती लिही."
वय?
"मेली तेव्हा एकसष्ट. माका आता बासष्ट."
गाण्याचा प्रकार?
"झगडो."

लिहिलं तसंच.
रात्री मालवणच्या लॉजवर फायलींना नावं देताना
हेडफोनच्या स्पंजला गोलम्याचा वास येत होता.
एकच रकाना उरला होता, ताल.
भांडणाच्या मागे सूप ऐकलं, पुन्हा ऐकलं:
सहा झटके, एक थांबणं,
सहा झटके, एक थांबणं,
आणि सुरंगीपाशी,
खंय फुलता म्हणताना,
आठ.