पाचव्या दिवसाचा अहवाल

सन्माननीय अध्यक्ष, सभासद,
आणि मागच्या रांगेत डबा सोडायच्या बेतात असलेले सगळे,
वार्षिक अहवाल दुपारी वाचायचा आहे
आणि मी तो आत्ता लिहिते आहे, रात्री पावणेतीनला,
ओट्याशी उभी राहून, नळाची तोटी उघडी ठेवून.
तोटीतून अजून नुसती हवा येते.

आधी पैशाचं.
मंजूर झाले चाळीस लाख, हातात आले साडेअकरा.
उरलेले मार्गस्थ आहेत, असं पत्र आहे.
पत्र फ्रेम करून लावणार होते,
हेडक्लार्क येमूलबाई म्हणाल्या, फ्रेमला तरतूद नाही.
साडेअकरात दुसरा मजला झाला,
तिसऱ्याच्या सळया वर तशाच,
त्यांच्या टोकांना मल्लिनाथने
शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या घातल्यात.
एप्रिलात वारा सुटला की त्या घुमतात.
यंदाचा सांस्कृतिक विभाग तेवढाच.

वाढ.
गेल्या वर्षी चारशे बारा, यंदा सहाशे सत्तावीस,
मुली निम्म्याहून जास्त, बाकं तेवढीच.
तिघींच्या बाकावर चौघी,
चौथीची एक मांडी हवेत.
अहवालात हे 'पायाभूत सुविधांवरील ताण' असं येईल.
तासिका तत्त्वावर नऊ जण.
त्यातले आडम सर सकाळी आमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवतात,
संध्याकाळी अक्कलकोट रोडला
टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितात.
त्यांचं मानधन सात महिने थकलं आहे.
हे वाक्य तीनदा खोडलं.
चौथ्यांदा लिहून ठेवते.

देणगीदारांत एक नाव नवं:
नरसय्या कोडम, विडी घरकुल.
पैसे नाहीत, यंत्रमाग दिला.
मुलगा पुण्याला गेला, पत्र्याखाली माग एकटा पडला म्हणाले.
टेम्पोचं भाडंही त्यांनीच भरलं.
पावतीवर 'रक्कम' या रकान्यात काय लिहावं
यावर ऑफिसात दीड तास गेला.
मग एका दुपारी दुसऱ्या वर्षाच्या मादगुंडीने बटण दाबलं.
खटाक् खट, खटाक् खट,
शेजारचा वर्ग थांबला.
मला वाटलं, आता तक्रार येणार.
आडम सर खडू हातात घेऊन दारात आले, म्हणाले,
ह्याच आवाजात झोपायचो आम्ही.
माग बंद पडला की जाग यायची.
मग त्यांनी अख्खा वर्ग उठवून तिथे आणला
आणि धोट्याकडे बोट दाखवत दोलन शिकवलं,
सूत तुटेपर्यंत.

मूल्यांकन समिती ऑगस्टात येऊन गेली.
हजेरीपट उलटताना एकाने विचारलं,
दर पाचव्या दिवशी तुमच्या मुली जातात कुठे?
म्हटलं, कुठे जात नाहीत. नळाला पाणी येतं.
ते हसले. मग हसायचे थांबले.
मी वेळापत्रक दाखवलं, पालिकेच्या पाळीला जोडलेलं:
साखर पेठ, भवानी पेठ, नीलम नगर,
ज्या भागाला पाणी त्या भागाला पहिला तास माफ,
तो चार वाजता मी घेते.
समितीने लिहिलं: उत्तम उपक्रम, अन्यत्र अनुकरणीय.
अन्यत्र म्हणजे कुठे, ते विचारायचं राहिलं.
श्रेणी ब मिळाली, पेढे वाटले.
मल्लिनाथ म्हणाला, ब म्हणजे बेष्टच की ओ मॅडम.

आगामी योजना:
तिसरा मजला.
आडम सरांचे सात महिने, हे तिसऱ्या मजल्याच्या आधी.
मादगुंडीला त्या मागावर चादर काढायची आहे,
बोधचिन्ह नको म्हणते,
सळयांवरच्या बाटल्या काढणार आहे, ओळीनं.
मी हो म्हटलंय, ठराव नंतर करून घ्यावा.

तोटी खोकली.
आधी लालसर, मग पिवळं,
मग बोटाला गार लागेल असं.
बोळात पटापट दिवे लागले,
कुणाची तरी बादली वाजली,
आमच्याच कॉलेजची असेल, सहाशे सत्तावीसातली.
आभार मानायचे राहिलेत,
दुपारी तोंडी मानेन.
आधी हंडा लावते.