रकाना क्रमांक चार

मिसेस ऑक्स्लींचा फॉर्म आलाय, शुक्रवारपर्यंत भरून हवा.
रकाना क्रमांक चार: इंग्रजी शिकवण्यामागची उद्दिष्टं.
दोनशे अक्षरांत. रिकाम्या जागा धरून.

बार्न्सलीत साडेतीनलाच दिवे लागलेत.
नववी-ब च्या वह्यांचा गठ्ठा, वर कीटनची,
तेलकट, चिप्सच्या वासाची.
त्यानं लिहिलंय 'वी वॉज', तीनदा.
मी लाल पेन उघडते, बंद करते.

बार्शीत घळसासीबाईंनी मला फळ्यासमोर उभं करून
'पाणी' म्हणायला लावलं होतं, वीस वेळा.
वर्ग हसत होता. मी शिकले.
संध्याकाळी आई म्हणाली, पानी तापलंय, अंघोळ करून घे,
आणि पहिल्यांदाच मला तिची चूक ऐकू आली.
जीभ जराशी टाळ्याकडे वळवायची, एवढंसं अंतर,
पण आई पलीकडे राहिली.

कीटनचे आजोबा काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायचे.
पालकसभेत ते मला 'दा' म्हणाले.
दा म्हणजे तू.
पुस्तकी इंग्रजीनं केव्हाच मोडीत काढलेला तू
इथल्या म्हाताऱ्यांनी माळ्यावरच्या पितळी डब्यासारखा
जपून ठेवलाय.
एकवीस वर्षांत इंग्रजीत मला कुणी अगं-तुगं केलं नव्हतं.
मी उगाच हजेरीपट बघत राहिले.

आज तिसऱ्या तासाला कीटननं
घडी पडलेलं पत्र काढलं. काउन्सिलचं.
आजोबांना सकाळी उठवायला येणारी बाई
एक तारखेपासून येणार नाही.
मिस, म्हणजे नक्की काय म्हणतायत?

मी धडा मिटला, पत्र फळ्यावर उतरवलं.
'असे ठरवण्यात आले आहे.'
कुणी ठरवलं? मी विचारलं.
हेवीन (आईबरोबर दवाखान्यात दुभाषी म्हणून जाते ती,
वाईट बातमी नेहमी आधी तिलाच कळते)
म्हणाली, मिस, या वाक्यात माणूसच नाहीये.
पोरं उठून फळ्याशी आली.
एकेक वाक्य घोंगडीसारखं झटकून पाहिलं,
कर्ता कुठे खाली पडतो का.
एकही पडला नाही. सहीसुद्धा छापील.

मग उत्तर लिहिलं, सव्वीस जणांनी मिळून.
आजोबांना वाकता येत नाही.
मी सहाला त्यांचे मोजे चढवतो.
तुम्ही ठरवलंत. तुम्ही कोण, ते सांगा.
एका जागी कीटन अडला:
त्यांच्या इंग्रजीत लिहू, का आमच्या?
मी म्हटलं, दोन्ही यायला हवीत तुला. आज त्यांच्या.
स्वतःचीच थोडी लाज वाटली,
नंतर नाही वाटली.
शेवटी मात्र आजोबांचं एक वाक्य होतं, 'दा'सकट.
त्याला मी हात लावला नाही.

आकलन, अभिव्यक्ती, रोजगारक्षमता,
असं लिहिलं चार नंबरमध्ये, आणि पुसलं.
तेवढ्यात आईचा फोन. तिकडे जेवणं आटोपलीत.

काय शिकवलंस आज पोरांना?
कर्ता शोधायला.
घावला का?
नाही अजून. पत्र टाकलंय.
बरं, म्हणाली, पानी पी जरा,
आवाज बसलाय तुझा.