उणे एकशे सत्तावीस

टेकडीवरून आकडे येतात
दर दहा मिनिटांनी. आले तर.

पाण्याच्या पाइपाचा खांब,
त्यावर प्लास्टिकच्या पांढऱ्या बशा, उपड्या, एकीवर एक,
मांढळच्या बाजारातल्या, पंधरा रुपयाला एक.
त्यांच्या सावलीत बोटाएवढा सेन्सर.
बाजूला हातभर सोलर पॅनल, स्कूटरची जुनी बॅटरी,
आणि माझ्या नावावरचं एक सिमकार्ड
जे आजवर कुणाशी शब्दभरही बोललेलं नाही.

टॉवर नदीपल्याड.
रेंज मिळते ती बिब्याच्या झाडाच्या उगवतीला,
जमिनीपासून सात फुटांवर, तेवढ्याच जागी.
ती जागा शोधण्यात माझा अख्खा हिवाळा गेला.
मोबाइल काठीला बांधून फिरायचो,
गुराखी विचारायचे, मोहोळ काढून रायले का गुरुजी?
गुरुजी मी नाही. पिठाची गिरणी आहे माझी.
पण हातात वही दिसली की झाला गुरुजी.

पहिला आकडा खाली उतरला
तेव्हा चक्कीत ज्वारी पडत होती.
बावीस पूर्णांक चार.
मी पट्टा उतरवला. दगड फिरायचा थांबेस्तोवर बघत राहिलो.
मग बावीस पूर्णांक तीन.
टेकडीवर संध्याकाळ होत होती
आणि ती मला पिठानं माखलेल्या मोबाइलवर कळत होती.
दळणवाल्या बाया म्हणाल्या,
आता याचं डोकं फिरलं, चला दुसऱ्या गिरणीत.

खाली सातऱ्यावर मिरची वाळते,
दोन एकर लाल.
भिवराबाई शेंद्रे तिथली राखणदार, तिचा फोन येतो:
ओल किती हाये, सांग बरं.
एकसष्ट टक्के, मी सांगतो.
ती एक मिरची कानाशी धरून हलवते.
नाई बाप्पा, बिया नीट वाजून नाई रायल्या,
तुह्या डब्ब्याले सर्दी झाली असन.
कधी ती खरी निघते, कधी डबा.
एकदा दोघंही खोटे, आणि सकाळी दाट धुकं.

माघातल्या एका रात्री, अकरा चाळीसला,
टेकडीचं तापमान उणे एकशे सत्तावीस झालं.
अकरा पन्नासला पुन्हा तेच.
मला ठाऊक होतं, सेन्सर सापडला नाही
की यंत्र हाच आकडा लिहून मोकळं होतं.
पण जगाच्या नकाशावर
आमच्या गावाचा ठिपका काळानिळा पडला होता,
आणि सकाळी सरपंचाचा पोट्टा
दोन स्वेटर, वर घोंगडं घालून
दळण घेऊन आला, दात वाजवत.

हसणं संपल्यावर टेकडी चढलो.
खारीनं तार कुरतडली होती.
बशांच्या पोटात, सेन्सर लोटून दिलेल्या जागी,
कापूस, सुतळी, आणि सातऱ्यावरचे
मिरचीचे वाळके देठ, गोल रचलेले.
खार नव्हती. नुकतीच गेली असावी.
बोट घातलं तर ऊब लागली.
पण बोट ऑनलाइन जात नाही.

तार दातांनी सोलली, पिळली, चिकटपट्टी गुंडाळली.
एकोणीस पूर्णांक सहा.

आलेखात रात्रीचा तुकडा कोरा राहिला.
कॉम्प्युटर विचारतो, मधली रेघ जोडून देऊ?
नको म्हटलं.
भिवराबाई सांगते, दोनले वारा फिरला, पाण्याकडून आला,
बिया एकदम मुक्या झाल्या,
म्या उठून ताडपत्री टाकली.
वहीत लिहून ठेवलं.
नकाशावर असल्या गोष्टीला रकाना नाही.

सिमचा रिचार्ज परवा संपतो.
बाजार शुक्रवारी.
बशा आणायच्यात आणखी सहा,
बिब्याच्या दुसऱ्या बाजूला एक खांब रोवायचाय,
रेंज नसलेला,
आत काहीच न बसवलेला.