अठ्ठावीस नंबर

एल्दा गावात आम्ही सगळे बायकांच्या टाचा करतो.
विनालोपोला पाणी असो नसो, टाचांना तोटा नाही.
बेचाळीस वर्षं मी बीचचं लाकूड तासतोय:
सात सेंटीमीटर, नऊ, एकदा तर बारा,
आणि रात्री एन्कार्नाच्या अंगठ्याशी वर आलेलं हाड
मीच तेल लावून चोळतो.
मी केल्या, तिनं घातल्या. हिशेब सरळ आहे.

मंगळवारी बेनितोनं कागद पुढे सरकवला.
नंबर अठ्ठावीस, टाच चार सेंटीमीटर.
म्हटलं, छापताना चूक झाली असेल.
नाही रे, म्हणाला, पाच-सहा वर्षांच्या पोरींसाठी,
लाल चकाकी, बकलावर फुलपाखरू.
चारच तर सेंटीमीटर.

चारच.
शेजारच्या ओलायाचं पाऊल तळहातावर घेतलं
तर माझ्या बोटांची टोकं उरतात.
मागच्या वर्षी ती भिंतीवरून पडली तेव्हा
दवाखान्यात तिच्या पायाची फिल्म मी उजेडासमोर धरली होती.
पांढरे खडे, आणि मधे मधे काळोख.
एवढी हाडं तुटली?
फिल्म काढणारी मुलगी हसली.
तुटली नाहीत, आजोबा, अजून यायचीत.
तिथं नुसती कूर्चा आहे. वळवाल तशी वळेल.

लाकूड मला कळतं.
ओली फांदी बांधून ठेवा,
दोरी सोडल्यावरही ती बांधल्यासारखीच राहते.
टाच उचलली की सगळा भार चवड्यावर,
पोटरीखालची शीर आखडते,
गुडघे पुढे, कंबर आत,
हे मला कुणा डॉक्टरनं नाही सांगितलं.
एन्कार्ना जिना उतरते तेव्हा मी मागे असतो.

तरी नमुना केला मी. खोटं कशाला बोलू?
हात सवयीचा.
ओलाया आली, विचारलं नाही, पाय घातले,
उंबऱ्यापासून खिडकीकडे
टक टक टक
गल्लीतल्या सगळ्या बायांसारखी.
चौथ्या पावलाला घोटा मुडपला.
पडली नाही, कपाट धरलं,
आणि म्हणाली, आता मला बेकरीतला वरचा कप्पा दिसेल.

वाकडं पाऊल पडलं म्हणतात,
ते नेहमी पोरीचंच.
साचा कुणी कापला, ते कोण विचारतंय.

जोड काढून घेतला. ती रडली,
मला म्हातारा चोर म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल असं.
ऑर्डर पलीकडच्या कारखान्यात गेली;
जूनमध्ये काचेमागे मांडल्याही,
फुलपाखरं छान बसली होती.

उरल्या लाकडाचा मी एक पाट केला,
चार सेंटीमीटर उंच,
आणि बेकरीवालीच्या काउंटरखाली सरकवून आलो.

ओलाया अजून बोलत नाही माझ्याशी.
पाटावर मात्र उभी राहते.
तेवढ्यानं दिसलं नाही की
चवड्यांवर उठते, मान ताणून,
कप्प्यात काय आहे ते बघते
आणि परत
टाचांवर येते.