टाकी

पापाच्या तिकटीला माझं दुकान आहे.
तराजू, वजनं, इलेक्ट्रॉनिक काटे. दुरुस्ती आणि पासिंग.
पत्ता ऐकून लोक हसतात,
पण तीस वर्षांत पाप तोलायला
कुणी आलेलं नाही.
गूळ येतो, सुकी मिरची येते,
एकदा एक जण आपलं बाळ घेऊन आला,
दवाखान्यातला काटा कमी दाखवतोय म्हणाला.

माझं काम एवढंच :
रिकामं पारडं रिकामं दिसलं पाहिजे.
त्यासाठी आधी ते पुसावं लागतं.
कणभर धूळ राहिली
तरी 'काही नाही'चंही वजन भरतं.

देव आहे का, हे मालननं कधी विचारलं नाही.
ती नुसती जाऊन यायची.
विचारायचो मी. तिलाच. जेवताना,
भाकरीचा तुकडा हातात धरून.
ती म्हणायची, "रस्सा वाढू?"

नोव्हेंबरात थोडे दिवस
मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं,
फरशीवरून सरपटत उंबरा ओलांडतं,
आधी पाय, मग कंबर, मग तोंड
असं अंबाबाईला चाचपत वर जातं.
जायला पाहिजे.
वाटेत घरं आहेत.
वाटेत आमचं घर आहे,
आमच्या गच्चीवर लोखंडी घोडा,
घोड्यावर हजार लिटरची काळी टाकी.

महापालिकेचे वणकुद्रे ओव्हरसीअर
टेप आणि दुर्बीण घेऊन वर आले.
"दोन फूट," म्हणाले,
"तुमचं पाणी दोन फूट देवीच्या आड येतंय."
मी म्हणालो, नऊ कोटी मैलांवरून निघालेला सूर्य
माझ्या टाकीला अडतोय होय?
त्याला म्हणावं, जरा वळसा घाल.
ते हसले नाहीत. चहा मात्र प्यायले.
त्या वर्षी टाकी हलली नाही.

त्या वर्षी मालन सीपीआरला होती.
शेवटच्या दिवशी, दिवेलागणीनंतर, मी डबा घेऊन गेलो.
तिनं डोळ्यांनीच विचारलं.
मी दुकानातनं थेट आलेलो, शर्टाला ग्रीस.
रस्त्यात कानावर आलं होतं तेवढंच,
गुडघ्यापर्यंत चढलं आणि विझलं.
"तोंडावर पडलं," मी म्हणालो.
"कसं दिसत होतं?"
आली का पंचाईत.
"नथीचा एक खडा पेटल्यागत झाला."
"आणि?"
"आणि माणसं गप्प झाली."
"आणि?"
मग मी तिच्याच तोंडाकडं बघत
सांगत गेलो, दिसत होतं तसं :
कपाळावरचं, गालाच्या हाडावरचं,
ओठ जरासे उघडे.

उभ्या जन्मात एक ग्रॅम खोटा सोडला नाही मी.
हे किती भरलं असेल?
कुठल्या काट्यावर ठेवू?

तेरावं झालं तसा रजाक बारगीर वेल्डर बोलावला.
घोडा दोन फूट कापला.
"मालक, वरच्या नळाला आता पाणी चढायचं नाही," तो म्हणाला.
नाहीच चढत. थेंब थेंब येतंय.
बादली लावतो आणि थांबतो.
आधी थांबत नव्हतो कशालाच.

गुजरीतल्या सोनाराचा काटा
इतका हलका असतो की श्वासानं डोलतो.
आकडा वाचायचा तर श्वास धरून उभं राहावं लागतं.
लांबून बघणाऱ्याला वाटेल,
म्हातारा काहीतरी मागतोय.

औंदा देवळात गेलो नाही.
गेलो म्हणून कशाला सांगू, एक खोटं झालंय तेवढं पुरे.
गच्चीवर गेलो.
रंकाळ्याच्या अंगाला सूर्य खाली आलेला,
आणि माझी सावली
कठडा ओलांडून, पत्र्यांवरून, शिखरांच्या दिशेनं
लांबच लांब गेलेली.
टाकी होती त्या उंचीला
आता माझं डोकं.

आजूबाजूला कुणी नव्हतं.
मी खाली बसलो.
उजेड डोक्यावरून जाईपर्यंत,
श्वास बेतानं घेत.