पेव

हरिपुरात पेव उघडलं की
अप्पालाल नदाफ आधी कंदील सोडायचा आत.
विझला, तर थांबायचं.
"हळद आत श्वास घेते," म्हणायचा,
"तिनं सोडलेल्या हवेत माणूस मरतो."

मग दिवसभर तोंड उघडं टाकून
जमीन वारं खायची
आणि आम्ही मातीच्या ढिगावर बसून शेंगा.

त्या ऑगस्टात पाणी चढलं
ते कृष्णेचं, वारणेचं, असं सगळे म्हणाले.
अप्पालालनं बोट बुडवून चाखलं.
खारट नव्हतं.
तरी म्हणाला, हे समुद्राचंच.
तापलाय तो,
वाफ होऊन घाट चढलाय.

समुद्र त्यानं कधी बघितला नव्हता.

पाणी ओसरलं तेव्हा पेवांच्या तोंडाशी
पिवळा चिखल,
आणि वास लग्नघराचा, पण कुजलेला.

आता हळद कोल्ड स्टोरेजात निजते.
भिंतीबाहेर पंख्याची गरम फुंकर,
तिथली चिंच यंदा पौषातच पालवली.

परवा रात्री गेलो, तर अंगणात
कंदील टांगलेला, वर लख्ख बल्ब असताना.
"कशाला हो?"
आभाळाकडं बघत राहिला, झाकण शोधावं तसा.
"जळतोय अजून," म्हणाला,
आणि काच पुसायला घेतली.