नको ते खोडा

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी रात्री दोनला, कधी येतच नाही.
त्याचीच वाट बघत जागी आहे.
म्हटलं, तोवर रेल्वेचा फॉर्म भरून टाकू.

नाव : वनजा व्यंकटेश गुंडेटी. वय : बावीस.
उंची मोजली दाराच्या चौकटीला टेकून.
पेन्सिलीच्या खुणा पंधराव्या वर्षाशी थांबल्यात.
पुढच्या वर्षी कुणाला सुचलं नाही.

रकाना नऊ : चष्मा आहे का?
रकाना चौदा : मानसिक आजारावर कधी उपचार घेतले आहेत का?
हो / नाही. नको ते खोडा.

अकरावीत होते.
केमिस्ट्रीच्या तासाला छातीत माग सुरू व्हायचा
आणि बंद करायचा खटका सापडायचा नाही.
मग अख्खा एप्रिल भिंतीकडे तोंड करून निजले,
त्रेचाळीस डिग्रीत चादर पांघरून.
आमच्याच गावची चादर,
कुठल्याही बाजूने घ्या, सारखीच.

अम्माने विड्यांचं सूप बाजूला सारलं,
हजार विड्यांचा खाडा केला
आणि मला गुलबर्ग्याला नेलं.
गल्लीत सांगितलं, डोळे दाखवायला.
दर महिन्याला कोण डोळे दाखवतं?
म्हणून तिसऱ्या खेपेला स्टेशनबाहेर
तिने मला बिननंबरी चष्मा घेऊन दिला.
चार वर्षं घातला तो.
बहिणीच्या लग्नाच्या फोटोत आहे.
गड्ड्याच्या जत्रेत पाळणा वर गेला
तेव्हा सगळ्या मुली दांडा धरून ओरडत होत्या,
मी चष्मा धरून.

नायना टॉवेलच्या कारखान्यात, घडीखात्यात.
तपासताना एखादा धागा निसटलेला दिसला
की खडूने गोल करायचा.
गोल केला की माल सेकंड,
अर्ध्या भावात, वजनावर.
पाणी तसंच टिपतो हो, नायना म्हणतात,
पण भाव एकदा पडला की पडला.
ते माझ्याबद्दल काही बोलत नाहीत.
टॉवेलबद्दल बोलतात.
काल मात्र फॉर्म उलटा धरून म्हणाले,
नाही लिही. गुलबर्ग्याला कोण बघायला जातंय.

मल्लेशम बाबाय बेधडक नाही लिहू शकतात.
त्यांच्यावर कधी कसलाच उपचार झाला नाही.
तीन कारखाने सुटले,
मग खोलीचं दार सुटेना. अकरा वर्षं झाली.
ताट आत जातं, ताट बाहेर येतं.
त्यांचा कागद कोरा आहे,
खडूचा एक ठिपका नाही त्याच्यावर.

फॉर्म इंग्रजीत, अम्माची भीती तेलुगूत,
आणि मी इथे मराठीत उत्तर जुळवत बसलेय.
नाही लिहिलं तर लागेलही नोकरी,
आणि मग रोज नऊ ते सहा
नाकावर पुन्हा तो चष्मा.
हो लिहिलं तर?
खरंच माहीत नाही.
डॉक्टरबाईंना फोन केला, त्यांनाही नव्हतं माहीत.
बरी आहे असं पत्र देते, म्हणाल्या.
फोन ठेवता ठेवता विचारलं,
झोप लागते ना गं?
हे फॉर्ममध्ये कुठेच विचारलेलं नाही.

नऊ : नाही.
चौदा : हो.
गल्लीला विचाराल तर दोन्ही उत्तरं खोटी.

असल्यास तपशील द्या. जागा दीड ओळ.
लिहिलं :
सोळाव्या वर्षी. सतरा महिने.
गोळी रोज रात्री नऊला, एकदाही चुकली नाही.
त्या सतरा महिन्यांत आपली गाडी अकरा वेळा उशिरा आली.

शेवटचं वाक्य खोडलं.
नको ते.

नळ खाकरला. मग फसफसला.
अम्मा झोपेतूनच उठली, घागर घेऊन
माझ्या पसाऱ्यावरून पाय टाकत गेली,
आणि मागे न बघता म्हणाली,
तो कागद वर ठेव आधी,
भिजेल.